आईने आधीच पाहिलेली तीन गावं

जेवणाच्या टेबलावर डोंगर मांडले होते. मीठदाणी म्हणजे तळ्याचं गाव, पाण्याचा जग म्हणजे खिंडीवरचं गाव आणि दोघांच्या मध्ये पालथा घातलेला पेला म्हणजे दगडी पुलाचं गाव. तिन्ही गावं एकमेकांना खेटून, पण एकाहून एक उंच. तिन्ही एका दमात करायची असा बेत होता. बेत करणारी तिन्ही भावंडं पन्नाशीला आलेली असल्यामुळे ‘एका दमात’ हे शब्द मात्र सगळ्यांनी जपूनच वापरले.

थोरला दादा विमा कंपनीत दावे तपासायचा. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या दुकानाला आग लागली, की दादा तिथे जाऊन आधी “कशावरून?” असं विचारायचा. आयुष्यात त्याने पुराव्यावाचून काही मान्य केलं असेल, तर त्या फक्त स्वतःच्या आठवणी. मधल्या ताईचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे कुठल्याही माणसाकडे बघितलं की त्याला काय कमी पडतंय ते तिला दिसायचं. धाकटा फ्रिज दुरुस्त करायचा. केस पिकले तरी घरात तो बाळच होता.

“आधी तळं,” दादा म्हणाला. “मला लख्ख आठवतंय. बाबांनी आधी तळं दाखवलं.”

“काहीतरीच काय? आधी पूल. पुलावर मी रडले होते, आणि तळ्यापाशी पोचलो तेव्हा माझं रडून झालं होतं.”

“पुलावर मी रडलो होतो,” बाळ म्हणाला.

“तू तीन वर्षांचा होतास. तू सगळीकडेच रडत होतास.”

लहानपणीच्या या सहलीची त्या घरात वर्षानुवर्षं उजळणी होत आली होती. बर्फावरच्या उन्हाने डोळे इतके दुखले की पडदे ओढून अंधारात बसावं लागलं. थंडीने दात वाजले, गाल लाल झाले, खिंडीत श्वास कोंडला आणि बाबांनी एकेकाला उचलून पार नेलं. फोटो एकही नव्हता, कारण त्या काळी कॅमेरा फक्त लग्नात दिसायचा. पण तिघांच्या डोळ्यांपुढे सगळं असं उभं होतं, की आता बाबा गेल्यानंतर पुन्हा एकदा तिथे जाऊन यावं, असं तिघांनाही एकाच वेळी वाटलं. या भावंडांना एकाच वेळी एकच गोष्ट वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत उसवलेली उशी शिवत होती. आठवड्यापूर्वी तिने कपाटातले लोकरीचे मोजे काढून गुपचूप उन्हात घातले होते. ते कुणाच्या नजरेला आले नव्हते.

“चौघांपुरती गाडी सांगतो,” दादा म्हणाला. “आम्ही दोघं, ताई आणि बाळ.” ताईच्या नवऱ्याला घाटात मळमळायचं आणि बाळने लग्नच केलेलं नव्हतं.

“आणि मी?” आईने विचारलं.

“तुझं तर पाहून झालंय की सगळं,” ताई म्हणाली.

“तुमचंही झालंय.”

“आमचं वेगळं. आम्ही लहान होतो.”

“आणि आई, तुला तिथली हवा मानवली नव्हती,” दादाचा आवाज मऊ झाला. “मला अजून आठवतं. रात्री कधीही जाग आली तरी तू बसलेली. एकदाही आडवी झालेली दिसली नाहीस. तुला धाप लागत होती, तू आम्हाला सांगितलं नाहीस एवढंच. ऐन तिशीत ही गत, मग आता या वयात कसं न्यायचं तुला?”

आईने दोरा दाताने तोडला. “हे बघा,” ती म्हणाली, “आपण तिथे कधी गेलोच नव्हतो.”

एवढी शांतता झाली की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली आणि बाळने सवयीने तिकडे कान दिला.

“गेलो नव्हतो म्हणजे?”

“नव्हतो म्हणजे नव्हतो. तुम्हाला तिघांना गोवर...”

“गोवर तिकडून आल्यावर आला,” दादा म्हणाला. दाव्यातला तारखांचा घोळ तो असाच सोडवायचा. “आलो आणि अंगावर डाग उठले. त्या डागांसकट मी शाळेत गेलो आणि वर्गात सगळ्यांना सहल सांगितली.”

“सांगितलीस खरी,” आई म्हणाली आणि तिने पुन्हा सुई हातात घेतली.

लगेच स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बैठक झाली. “मला शंका होतीच,” ताई म्हणाली. “परवा तिने फोन करून विचारलं, तू मघाशी फोन केला होतास का म्हणून.”

“केला होतास का?”

“केला होता.”

“मग?”

“मग विचारायचं कशाला?”

दादाची बायको ओट्यापाशी कप धूत होती. ती म्हणाली, “अहो, पण कदाचित खरंच गेला नसाल.” लग्न होऊन घरात आलेल्या माणसाकडे घरात जन्मलेली माणसं ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने तिघांनी तिच्याकडे बघितलं. तिने पुढचा कप घेतला.

डॉक्टर तरुण होते. जुन्या डॉक्टरांच्या खुर्चीत आता त्यांचा मुलगा बसायचा. त्यांनी आईला समोर बसवलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, “आजी, आज वार कोणता?”

“मंगळवार. मंगळवारी दुपारी तुमचा दवाखाना बंद असतो ना? आम्हाला कसं बोलावलंत?”

डॉक्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, घसा साफ केला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आई वजा करत करत दोनापर्यंत आली आणि म्हणाली, “आता उसने आणावे लागतील.” घड्याळ काढायला सांगितलं तर तिने काटे तर काढलेच, वर किल्लीही काढली. डॉक्टरांचा चेहरा पडायला लागला, तेवढ्यात दादाने सहलीचा विषय काढला.

“आजी, तुम्ही सगळे डोंगरात गेला होतात ना?”

“नाही.”

डॉक्टरांनी तिघांकडे पाहिलं. तिघांनी एकदमच मान खाली घातली. तीन शहाण्यासुरत्या माणसांना एकच गोष्ट आठवते आणि चौथ्याला आठवत नाही, म्हटल्यावर शास्त्राने कुणाच्या बाजूने जायचं ते ठरलेलंच होतं. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली, आजींशी वाद घालू नका म्हणून सांगितलं आणि उंचीवर तर मुळीच नेऊ नका म्हणाले. “वर हवा विरळ. जे काही आठवतंय, तेही...” पुढचं त्यांनी नुसत्या हाताने दाखवलं.

घरी सुधारणा सुरू झाल्या. ताईने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ते डबे आईनेच लावलेले होते आणि डोळे मिटूनही तिच्या हाताला सापडायचे. ताईने घाईत साखरेची चिठ्ठी मिठाला लावली, आपणच ती वाचून चहा केला, आणि चहा खारट झाल्यावर डबे इकडचे तिकडे केल्याचा ठपका आईवर आला. बाळने गॅसची बटणं काढून खिशात टाकली आणि तशीच खिशात घेऊन तो कामावर गेला, म्हणून दुपारचं जेवण बाहेरून मागवावं लागलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई, ज्या एरवी आईशी कुजबुजून सगळ्या इमारतीच्या खबरा सांगायच्या, त्या आता लांबूनच एकेक शब्द सुटा करून ओरडायच्या, “काकू, जेव-लात का?” एकूण काय, खरं बोलल्याबद्दल माणसाला जेवढी शिक्षा होऊ शकते, तेवढी आईला घरच्या घरी झाली. घरच्यांच्या मते दिवसागणिक तिचा विसराळूपणा वाढत चालला होता आणि गाडी चौघांचीच ठरली होती.

एका दुपारी सून तिच्याजवळ वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. दोन-तीन घड्या झाल्यावर ती म्हणाली, “आई, काय झालं होतं त्या वेळी?”

“सांगते. पण मला गोळी देऊ नकोस.”

“नाही देत.”

“ह्यांची नोकरी बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीवर,” आई म्हणाली. “कुणी कुठेही निघालेला असो, गाडी कुठे बदलायची ते हे सांगणार. डोंगरातून परत आलेली माणसं खिडकीशी थांबून गप्पा मारायची, ते सगळं हे ऐकून ठेवायचे. स्वतः कधी गावाच्या वेशीबाहेर गेले नाहीत. त्या वर्षी पहिल्यांदा रजा मिळाली. बॅगा भरल्या. निघायच्या दिवशी थोरल्याला ताप, दुसऱ्या दिवशी बाकी दोघांना. गोवर. जुने डॉक्टर म्हणाले, खोलीत अंधार ठेवा.”

“मग रजा रद्द केली असेल.”

“छे. म्हणाले, मिळालेली रजा परत करणारा मी कोण? सकाळी उठून पाठीवर बॅग अडकवली आणि अंधाऱ्या खोलीत शिरले. मुलांना म्हणाले, चला, गाडी आली. या खाटेवरून त्या खाटेवर नेलं की गाडी बदलली. कपाळावर गार पट्टी ठेवली की बर्फ पडायला लागला. ताप चढला की खिंड आली. घाबरू नका, म्हणायचे, इथे दम लागतोच. इस्त्रीची फळी दोन खाटांच्या मध्ये टाकली, तो पूल. खाली बघू नका, नदी फार खोल आहे. बाळ असा काही रडला, की क्षणभर मीसुद्धा खाली बघितलं.”

सून हसली आणि मग हसता हसता थांबली. “आणि तुम्ही?”

“मी पट्ट्या भिजवत होते. दिवसा स्वयंपाकघरातून मला नुसता आवाज यायचा. रात्री हे दमून झोपले की मी मुलांपाशी बसून राहायचे.” आईने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. “त्या घरातून चौघं सहलीला गेले. मीच तेवढी राहिले.”

“मुलांना नंतर का नाही सांगितलं?”

“थोरला वर्गात सांगून आला. मास्तरांनी त्याला शेजारच्या वर्गातही सांगायला पाठवलं. हे म्हणाले, राहू दे आता, पुढच्या वर्षी खरंच नेतो, म्हणजे खोट्याचं खरं होईल. पुढच्या वर्षांना काय तोटा होता? एकामागून एक पुढचीच येत गेली.”

“मग आता हे सगळं असंच्या असं सांगा ना त्यांना. खाट, पट्ट्या, फळी. पटेल त्यांना.”

“पटेल गं. पटेल म्हणूनच सांगत नाही. बापाने जन्मात एकदा कुठे नेलं तुम्हाला, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं त्यांनी? या खाटेवरून त्या खाटेवर?”

सगळ्या घड्या झाल्या. आई उठली आणि कपड्यांची चळत उचलता उचलता म्हणाली, “गोळ्या चालूच आहेत म्हणा. गुण यायला हरकत नाही.”

गोळ्या ती पहिल्या दिवसापासून बेसिनमध्ये सोडत होती.

रविवारी मीठदाणी, पेला आणि जग पुन्हा टेबलावर आले. तळं की पूल, हा वाद जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. तेव्हा खुर्चीतून आवाज आला, “आधी तळंही नाही आणि पूलही नाही. आधी ते तिठ्याचं वळण. तिथे गाडी बदलायची. वरची गाडी खाली आल्याशिवाय खालची वर सोडत नाहीत.”

तिघं वळून बघत राहिले.

“मग पूल. उतरून चालत जायचं, एका वेळी एकानेच. पुढच्या चढावर डाव्या हाताला बसायचं, उजवीकडे नुसता कडा आहे. तळं तिसऱ्या दिवशी. सकाळी लवकर गाठायचं, दुपारी वारा सुटला की पाण्यात डोंगर दिसत नाही.”

पंधरा माणसं खिडकीशी रांगेत उभी असली तरी बाबा ज्या ठेक्यात गाड्या सांगायचे, तोच हा ठेका होता. ताईचे डोळे भरून आले. दादाने जन्मात पहिल्यांदा समोरच्याला ‘कशावरून’ विचारलं नाही.

“आई, तुला आठवतंय?”

“कालपासून. गोळी घेतली आणि तळं आलं.”

“बघ,” ताई दादाला म्हणाली. “गुण आहे त्या गोळीला. मी दुकानात जास्त मागवून ठेवते.”

“पण आई,” दादा अजून सगळा विरघळला नव्हता, “तुला तिथे धाप लागत होती, झोप नव्हती...”

“मला? मला काय धाड भरली होती? तुम्ही तिघं आजारी पडलात. अंगात ताप, डोळे उघडवत नव्हते. म्हणून मी बसून होते. मला तर साधं पडसंही झालं नाही.”

“म्हणजे गोवर तिथेच सुरू झाला होता,” दादा खुर्चीत ताठ झाला. “मी म्हणत होतो ना? तिकडूनच आणला आपण.”

“तिकडूनच,” आई म्हणाली.

बाळ म्हणाला, “म्हणजे तिथली हवा आपल्याला मानवत नाही. आईला मानवते.”

हा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता, आणि एकदा आल्यावर तो कुणाला खोडता येईना. शेवटी प्रकरण पुन्हा डॉक्टरांकडे गेलं. आईला उभी करून दाखवल्यावर डॉक्टरांनी आधी गोळीचं कौतुक केलं आणि मग स्वतःचं. नंतर त्यांनी तिघांना तपासलं. दादाचा रक्तदाब वरच्या गावापाशी पोचलेला होता, ताईचं रक्त कमी होतं आणि बाळला जिना चढवून आणला तेव्हा तो काही वेळ बोलायच्या स्थितीत नव्हता. डॉक्टरांनी विचार करून निकाल दिला. आजींना काही हरकत नाही. हे तिघं जाऊ शकतात, पण आजी सोबत असतील तरच, कारण मागच्या वेळी यांना सांभाळण्याचा अनुभव त्यांनाच आहे.

गाडी पाच जणांची ठरली.

तिठ्याचं वळण खरंच होतं. गाडी मात्र बदलावी लागली नाही. तिथून वर लागताच खिडकीबाहेर एकेक पांढरं शिखर उघडत गेलं. आईला पुढची जागा दिली होती. तिने काच खाली केली, वारा तोंडावर घेतला आणि पुन्हा वर करायला ती विसरली. मागे ताईचे दात वाजायला लागले. “अगदी तसंच,” ती म्हणाली. “तेव्हाही असेच वाजत होते.”

दगडी पुलाच्या गावात पोचल्यावर सगळे उतरले आणि पूल शोधायला लागले. पूल दिसेना. नदीही दिसेना. खाली एक ओढा होता, त्यातून माणसं दगडांवर पाय देत जात होती. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा चहाची टपरी चालवायचा, त्याच्यासमोर बाक होता. दादा त्याच्याकडे गेला.

“जुना दगडी पूल कुठे आहे हो?”

“कुठला पूल?”

“मोठा. खाली खोल नदी.”

“इथे पूल नाही. कधीच नव्हता. माझा जन्म इथला आहे.”

दादाने सावकाश मान हलवली आणि मागे वळून हळूच म्हणाला, “वय झालंय बिचाऱ्याचं.” ताईला एकदम कणव आली. तिने म्हाताऱ्याच्या जवळ जाऊन, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने विचारलं, “आजोबा, नीट आठवा. द-ग-डी पूल.” बाळची नजर म्हाताऱ्याच्या शेगडीवर गेली आणि ती पेटती ठेवणं कितपत बरं, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटला. ताईचा हात पर्समध्ये शिरला. तिथे काय होतं, ते आई आणि सून दोघींनाही माहीत होतं.

आई पुढे झाली. चहाचा पेला घ्यायच्या निमित्ताने ती वाकली आणि म्हाताऱ्याच्या कानाशी म्हणाली, “हो म्हणून टाका. नाहीतर गोळ्या सुरू करतील.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे पाहिलं. डोंगरातल्या माणसाला धोका कुठून येतोय ते लवकर कळतं.

“हां, तो पूल,” तो म्हणाला. “होता की. पाण्याने गेला. त्या वळणापलीकडून जागा दिसेल.”

“बघा,” दादा म्हणाला, आणि तिघं लहान मुलांसारखी एकमेकांना ढकलत वळणाकडे निघाली. सून त्यांच्या मागोमाग गेली. जाताना तिने वळून आईकडे पाहिलं. हसू आवरायला म्हणून तिने गळपट्टा तोंडावरून घेतला होता.

आई बाकावर बसली. समोर सगळा डोंगर होता, वर सोन्यासारखं ऊन आणि त्याखाली दरीतून चढत येणारी निळी सावली. चहा हातात तसाच राहिला. तिला कुणाच्याही कपाळावर पट्टी ठेवायची नव्हती. ती बघत राहिली, बघून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिने पुसलंही नाही.

म्हाताऱ्याने बराच वेळ तिला बघू दिलं. मग त्याने शेगडीतले निखारे सारखे केले आणि विचारलं, “बाई, पहिल्यांदाच आलात वाटतं?”

“हळू बोला,” आई म्हणाली.